घोडेस्वारांचे शिकारी बूट : शोध, निगा आणि आपला इतिहास



आपल्या वार्षिक स्मरणिकेत संत रोहिदासांचे चरित्र, गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, देणगीदारांची नामावली व वधूवरांची माहिती यांना स्थान असते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या धंद्यावरून जगाने आपणांस ओळखले, त्या धंद्याचा इतिहास या पानांत क्वचितच येतो. लिहिण्याजोगा विषय नाही असे मुळीच नाही. हा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळांची मान किंचित खाली जाते, हे खरे कारण आहे. म्हणून यंदा आम्ही मुद्दाम एका पायताणाविषयी लिहावयास घेतले आहे. हे पायताण आपल्या लोकांनी स्वतःसाठी कधी शिवले नाही व स्वतःच्या पायांत कधी घातले नाही. इंग्रज साहेब घोड्यावर बसून कोल्ह्यामागे धावताना जे उंच कातडी बूट घालीत, ते हे पायताण होय.

कोणी म्हणेल, नाचणगावच्या माणसाला इंग्रजांच्या कोल्हेशिकारीशी काय कर्तव्य? वरवर पाहता काहीच नाही. परंतु बूट हा तीन जणांचा असतो : ज्या जनावराचे कातडे त्याचा, ज्याने तो शिवला त्याचा आणि ज्याने तो घातला त्याचा. इतिहासात आजवर केवळ तिसऱ्याचे नाव लिहिले गेले आहे. दुसऱ्याचे नाव शोधावयाचे असेल, तर बूटच हाती घेऊन वाचावा लागतो. तो कसा शोधावा, कसा वाचावा व कसा जपावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

कोल्हा, खोकड आणि साहेब

इंग्लंडात शिकारी कुत्र्यांच्या ताफ्यानिशी घोड्यावरून खोकडाचा पाठलाग करण्याचा शौक अठराव्या शतकात वाढीस लागला. लेस्टरशायर परगण्यातील ह्यूगो मेनेल या जमीनदाराने वेगवान कुत्र्यांची पैदास करून या खेळास आजचे रूप दिले, असे मानतात. कुंपणे, चर व काटेरी झुडपे यांवरून घोडा उडवीत मैलोगणती दौड करावयाची, तर पायांना संरक्षण हवेच. त्या गरजेतून गुडघ्यापर्यंत पोहोचणारा, पोटरीला घट्ट बसणारा बूट रूढ झाला.

हेच इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनी हा शौकही बरोबर आणला. येथे एक गंमत झाली. आपल्या मराठीत दोन प्राण्यांना दोन स्वतंत्र नावे आहेत. रात्री शिवारात कोल्हेकुई करतो तो कोल्हा, आणि त्याहून लहान, झुबकेदार शेपटीचे, उघड्या माळावर बिळे करून राहणारे ते खोकड. इंग्लंडातील शिकारीचा प्राणी खोकडाच्या जातीचा. आपल्याकडचे खोकड मात्र चणीने लहान असल्याने साहेबाच्या कामाचे ठरले नाही, म्हणून त्याने कोल्ह्याला त्याच्या जागी बसविले. पुणे व खडकीच्या लष्करी छावण्यांत, मुंबईजवळ साष्टी बेटात, दक्षिणेस उटकमंडला व वायव्येस पेशावरला शिकारी कुत्र्यांचे ताफे बाळगले जात, आणि भल्या पहाटे कोल्ह्यांचा पाठलाग होई. जेथे कोल्हा नसे तेथे भाल्याने रानडुक्कर मारीत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट असलेले व पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे या भाल्याच्या शिकारीचे मोठे शौकीन होते. आपल्या संस्थानिकांतही हा छंद होता. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज स्वतः कसलेले घोडेस्वार व शिकारी होते.

आमच्या नाचणगावचा या इतिहासाशी संबंध वर्धा नदीवरून येतो. १८०३ साली आर्थर वेलस्ली याने २९ नोव्हेंबरला वऱ्हाडातील अडगाव येथे भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला व १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. लागलीच १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, आणि नदीच्या अलीकडच्या तीरावरील आमचा गाव एकाएकी सरहद्दीचा गाव झाला. पुढे पेंढाऱ्यांच्या धामधुमीत गावकऱ्यांनी येथील भक्कम दगडी सराईच्या आश्रयाने आपला बचाव केला, अशी जुनी नोंद आहे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६२ मध्ये वर्धा हा वेगळा जिल्हा करण्यात आला. त्या जिल्ह्याचे पहिले मुख्य ठाणे आमच्या शेजारी, पुलगावजवळच्या कवठ्यास होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीस, म्हणजे आजच्या वर्धा शहरी हलले. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे पुलगावावरून नागपुरास पोहोचली. सारांश, घोड्यावर बसून जिल्हा फिरणारा साहेब व त्याचे उंच बूट आमच्या वाडवडिलांनी आपल्या दारावरून जाताना पाहिले असणार.

हा वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. स्पेन व पोर्तुगालच्या मोहिमेतही त्याने छावणीत शिकारी कुत्र्यांचा ताफा बाळगला होता. लंडनचा प्रसिद्ध चांभार हॉबी याजकडून त्याने जुन्या लष्करी बुटात फरक करवून जो सुटसुटीत कातडी बूट करून घेतला, त्याला लोक वेलिंग्टन म्हणू लागले. आज पावसाळ्यात चिखलात काम करणारे मजूर जे रबरी गमबूट घालतात, ते त्याच बुटाचे दूरचे वंशज आहेत. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, इंग्लंडात चांभार हॉबीचे नाव सेनापतीच्या नावाबरोबर इतिहासात राहिले. आमच्याकडे छावणीच्या बाजारात साहेबाच्या मापाचे बूट शिवणाऱ्या एकाही कारागिराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही.

बुटाची रचना

शिकारी बुटाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला काळ्या कातड्याचा, वरच्या बाजूस तपकिरी वा बदामी पट्टा असलेला. हा पट्टा आज केवळ शोभेचा वाटतो, पण त्याचे मूळ उपयोगात आहे. पूर्वी बूट गुडघ्याच्या वर जाई. पायी चालताना त्याचा वरचा भाग खाली दुमडीत, तेव्हा आतील अस्तराचे तपकिरी कातडे बाहेर दिसे. पुढे दुमडणे गेले व पट्टा तेवढा राहिला. दुसरा प्रकार संपूर्ण काळा, साधा, पट्ट्यावाचून असतो.

या बुटाला बंद नसतात व जुन्या बुटाला चेनही नसते. पाय वरून आत घालावयाचा, आतील दोन कापडी फासांत लोखंडी आकडे अडकवून ओढावयाचा. काढताना टाच लाकडी फळ्याच्या खाचेत अडकवून पाय बाहेर काढावयाचा. टाच उंच व चौकोनी असते, कारण ती नसेल तर पाय रिकिबीतून आरपार निसटतो, आणि घोडा उधळला तर स्वार फरफटत जातो. टाचेच्या वर मागील बाजूस कातड्याचा लहानसा ओठ असतो, त्यावर काटा टेकतो. पोटरीचे कातडे आतील बाजूस अखंड ठेवतात, कारण तेथे शिवण आली तर ती घोड्याच्या अंगावर घासते व लवकर तुटते.

असा बूट शिवणे हे अत्यंत कौशल्याचे काम आहे. पायाची व पोटरीची निदान आठ-दहा मापे घ्यावी लागतात. मग फर्मा तासावयाचा, रापीने कातडे बेतावयाचे, आणि पुढील भागाचे सपाट कातडे ओले करून लाकडी फळीवर ताणून त्यास पायाच्या वळणाचा बाक द्यावयाचा. हे वळण न कापता, केवळ ताणून आणावे लागते. त्यानंतर फर्म्यावर कातडे ओढून बसविणे, तळाशी पट्टी शिवणे, आरीने भोके पाडून मेणकट दोऱ्याचे दोन्ही टोकांनी टाके घालणे, आणि शेवटी टाच चढविणे. चांगल्या कारागिरालाही एका जोडास कित्येक दिवस लागतात. ज्यांनी आपल्या आजोबांना मोट शिवताना पाहिले असेल, त्यांना यातील निम्मी कामे ओळखीची वाटतील.

कातड्याचा प्रवास

बूट टिकतो तो कातड्यामुळे, आणि कातडे टिकते ते कमावण्यामुळे. इंग्लंडात उत्तम बुटाचे कातडे ओकच्या सालीच्या पाण्यात कमावीत. जाड तळव्याच्या कातड्यास वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागे. आमच्या मध्य प्रांतात व वऱ्हाडात हेच काम बाभळीची साल व हिरडा यांनी होई. कातडे आधी चुन्याच्या कुंडीत भिजवावयाचे, केस व मांस खरवडून काढावयाचे, चुना धुऊन टाकावयाचा, आणि मग कातड्याची पिशवीसारखी शिवण करून ती टांगून तीत सालीचे पाणी भरावयाचे. पाणी झिरपत जाई, पुन्हा भरीत. काही आठवड्यांत कातडे तयार होई. ओक असो की बाभूळ, दोहोंतील तुरट द्रव्याचे काम एकच : कातड्याच्या तंतूंना धरून ठेवून त्यांचे कुजणे थांबविणे. म्हणजे साहेबाच्या बुटाची विद्या आणि आमच्या खेड्यातील मोटेची विद्या या सख्ख्या बहिणी होत. एकीस राजदरबारी मान मिळाला, दुसरीला गावाबाहेरचा वास मिळाला, एवढाच भेद.

किंबहुना या दोन बहिणींची गाठही पडत असे. मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीने अर्धवट कमावलेली हिंदी जनावरांची कातडी मोठ्या प्रमाणावर लंडनच्या बाजारात जात. तेथे त्यांवर पुढील संस्कार होऊन त्यांचे जोडे व बूट बनत, आणि त्यांतील काही माल पुन्हा हिंदुस्थानात विकावयास येई. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांच्या बुटांच्या वरच्या भागासाठी हेच कातडे सरकारने मुद्दाम खरेदी केले होते. देशातही १८६० नंतरच्या दशकात कानपुरास लष्करासाठी खोगिरे व चामड्याचे सामान करणारा सरकारी कारखाना उभा राहिला. १८८० नंतर तेथेच कूपर ॲलन कंपनीने लष्करी बुटांचा मोठा कारखाना चालविला. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासेस क्रोम या धातूच्या क्षाराने कातडे कमावण्याची नवी रीत आणली. वर्षाचे काम दिवसांवर आले. खेड्यातील कुंड्या हळूहळू कोरड्या पडल्या, व छावणीतील कारागिराचे गिऱ्हाईक कारखान्याकडे वळले.

बूट आत, कारागीर बाहेर

येथे एक कटू गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हांस प्राप्त आहे. आमच्या हातचा बूट साहेबाच्या क्लबात सन्मानाने जाई, परंतु तो शिवणारा हात उंबऱ्याबाहेरच राही. पुण्यात आपल्या समाजातील पालवणकर बाळू हे जिमखान्यावर खेळपट्टी तयार करीत व इंग्रजांना गोलंदाजी टाकीत. पुढे ते हिंदू संघाचे आधारस्तंभ झाले आणि १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानावर ज्यांच्या हातून चेंडू घेण्यास कोणास विटाळ वाटत नसे, त्यांना आरंभीच्या काळात चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. वस्तूस शिवणे चालते, माणसास शिवणे चालत नाही, हा न्याय आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे.

या न्यायाविरुद्ध दोन मार्गांनी प्रयत्न झाले, आणि दोहोंचा आमच्या जिल्ह्याशी वा प्रदेशाशी संबंध आहे. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर स्वतः वहाणा शिवण्याची कला आत्मसात केली. जनरल स्मट्स यांस त्यांनी स्वहस्ते शिवलेल्या वहाणा भेट दिल्या, आणि १९३९ मध्ये त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी स्मट्स यांनी त्या आदरपूर्वक परत पाठविल्या. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच दशकात विनोबांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या नालवाडीस गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. तेथे केवळ नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांचे कातडे कमावीत. उच्चवर्णीय तरुणांनी कातड्यास हात लावला, हा त्या काळी मोठा धक्का होता.

दुसरा मार्ग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत जनावरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे हीन जिणे टाकून देण्यास सांगितले. काम पवित्र आहे असे म्हणत माणसास त्याच कामात जन्मभर जखडून ठेवणे हा न्याय नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्या समाजातील मुले आज शिक्षक, अभियंते, डॉक्टर व अधिकारी आहेत, याचे श्रेय या दुसऱ्या मार्गास द्यावेच लागेल. धंदा जन्माने चिकटू नये, हे आम्ही पूर्णपणे मान्य करतो.

परंतु धंदा सोडणे वेगळे आणि धंद्यातील बुद्धी विसरणे वेगळे. पहिल्याने माणूस मोकळा होतो. दुसऱ्याने तो आपल्याच आजोबांस अनोळखी होतो. आपल्या घरातील आरी-रापी, फर्मे व जुने जोडे लाजेपोटी भंगारात जात आहेत. दहा-वीस वर्षांनी आपल्या नातवाने विचारले की आपले पूर्वज काय करीत, तर त्याला दाखवावयास काहीच उरणार नाही, आणि इतरांनी त्यांस जे नाव ठेवले तेवढेच त्याच्या हाती येईल. म्हणून शोध व जतन यांकडे आता वळू.

जुना बूट कसा ओळखावा

असे बूट जुन्या मालगुजारांचे वाडे, निवृत्त पोलीस व लष्करी अधिकाऱ्यांची घरे, शहरांतील जुना बाजार आणि आपल्याच कारागीर घराण्यांचे माळे येथे सापडण्याचा संभव असतो. सापडलेला जोड हाती आला की पुढील गोष्टी पाहाव्या.

प्रथम कातड्याची कापलेली कड पाहावी. सालीने कमावलेले कातडे आतपर्यंत तपकिरी असते. क्रोमने कमावलेल्या कातड्याच्या गाभ्यात निळसर-करडी छटा पुष्कळदा दिसते. न रंगविलेल्या भागावर पाण्याचा थेंब ठेवला असता सालीचे कातडे तो शोषून काळवंडते. दुसरे, टाके पाहावे. हाताचे टाके दाट असूनही यंत्रासारखे तंतोतंत समान नसतात. तळव्यात कोठे लाकडी खुंट्या मारलेल्या आढळल्या तर त्यांचीही नोंद घ्यावी. तिसरे, बुटाच्या तोंडाशी आतील बाजूस कारागिराचे वा दुकानाचे नाव, मापाचा आकडा किंवा शाईने लिहिलेले मालकाचे नाव असते, ते पुसू नये. चौथे, उत्तम इंग्रजी शिकारी बुटात कातड्याची मांसाकडील बाजू बाहेर ठेवून तीवर मेण घोटलेले असते. त्यामुळे त्यावर केसांच्या रंध्रांची खूण दिसत नाही. असे कातडे आज दुर्मीळ आहे. त्यावर ओरखडा उठला तरी तो घोटून बुजविता येतो, म्हणूनच काटेरी कुंपणातून धावणाऱ्यांनी ते पसंत केले.

आपल्या समाजातील काही मुले-मुली आता राष्ट्रीय छात्रसेनेत व पोलीस दलात घोडेस्वारी शिकत आहेत. त्यांना वापरण्यासाठी जुना जोड घ्यावयाचा असेल तर केवळ पावलाचे माप पुरत नाही. पोटरीचा सर्वांत रुंद घेर व गुडघ्याच्या मागील खाचेपर्यंतची उंची ही दोन्ही मापे घ्यावी. नवा कडक बूट वापराने घोट्याशी चुण्या पडून सुमारे एक इंच खाली बसतो, म्हणून नवा करविताना तो किंचित उंच असावा. वापरलेला जोड मात्र आधीच बसलेला असतो, तो आहे त्या उंचीस जमला पाहिजे. पोटरीस सैल बूट थोडा आवळून घेता येतो, तोकडा पडलेला पंजा मात्र कोणासही वाढविता येत नाही. तळव्याजवळची शिवण दोन्ही हातांनी वाकवून पाहावी. दोरा कुजला असेल तर तो तुटेल, आणि स्वाराच्या पायात तुटण्यापेक्षा हातात तुटलेला बरा.

निगा

वापरातील बुटाची निगा अशी राखावी. चिखल वाळू न देता गार पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावा. पोटरीच्या आतल्या बाजूस घोड्याचा घाम बसतो, तो क्षारयुक्त असल्याने कातडे खातो. तेथे विशेष लक्ष द्यावे. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा उन्हात कधीही ठेवू नये. ओले कातडे उष्णतेने आकसते व एकदा आकसले की पूर्ववत होत नाही. आत जुनी वर्तमानपत्रे भरून, ती बदलीत, सावलीत व वाऱ्यावर वाळवावे. किंचित ओलसर असतानाच लाकडी साचा घालावा म्हणजे नळी ताठ राहते. साचा नसेल तर जाड कागदाची गुंडाळी अथवा बांबूच्या कामट्या फडक्यात गुंडाळून घालाव्या.

तेल अगदी बेताने द्यावे. अति तेलाने कातडे लुळे पडते व नळी ढासळते. खोबरेल वा शेंगदाण्याचे तेल घालू नये, ते खवट होते. मोटेस लावीत ते एरंडेल चांगले. बोटाच्या टोकावर मावेल एवढे घेऊन चोळावे, एक रात्र मुरू द्यावे आणि मग मेणाचे पॉलिश करावे. मेण घोटलेल्या कातड्यावरचे ओरखडे इंग्रज नोकर हरणाच्या नडगीच्या हाडाने दाबून घोटीत. आपल्याकडे हरणाचा कोणताही अवयव बाळगणे कायद्यास धरून नाही. त्याऐवजी म्हशीचे गुळगुळीत केलेले हाड किंवा चमच्याची पाठ घ्यावी. हळू व सतत एकाच दिशेने घोटल्यास ओरखडा भरतो व मेण वर येऊन कातड्यास खोल तकाकी चढते.

आपल्या हवेत बुटाचा खरा शत्रू पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बुरशी चढते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे म्हणजे बुरशीस आमंत्रण देणे होय. सुती पिशवीत, जमिनीपासून उंच, वारा खेळेल अशा जागी ठेवावे, व दर पंधरवड्यास उघडून पाहावे. बुरशी दिसल्यास बूट घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावा, मग सावलीत वारा द्यावा. कडूनिंबाचा वाळलेला पाला जवळ ठेवण्याची आपली जुनी पद्धत किडीवर उपयोगी आहे.

केवळ आठवण म्हणून जपावयाच्या जोडाचे नियम वेगळे आहेत. कातडे लालसर भुकटी होऊन हातास लागू लागले असेल तर ते आतून जीर्ण झालेले आहे. त्यास तेल वा पाणी लावू नये. नवे टाके घालू नयेत, रंग देऊ नये. आत स्वच्छ सुती कापड भरून सपाट पेटीत निजवून ठेवावे आणि पुन्हा पुन्हा हाताळू नये. त्याबरोबर एक चिठ्ठी अवश्य ठेवावी : जोड कोणत्या घरी मिळाला, कोणी शिवला असे सांगतात, कोणत्या सालचा असावा, आणि हे सांगणारा कोण. ही चिठ्ठी बुटाइतकीच मोलाची आहे.

आज काय उरले

ज्या शिकारीसाठी हे बूट जन्मले ती शिकार आज बहुतेक इतिहासजमा झाली आहे. स्कॉटलंडात २००२ च्या कायद्याने, आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने, १८ फेब्रुवारी २००५ पासून, कुत्र्यांकरवी खोकडाची शिकार करण्यास बंदी झाली. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्हा व खोकड दोघांनाही आसरा दिला आहे. त्याचे आम्हांस दुःख नाही. मुक्या जनावराचा छळ थांबला हे चांगलेच झाले. घोडेस्वारी मात्र चालू आहे, आणि उत्तम बुटाची मागणीही जगभर आहे.

आपल्या राज्यात चर्मकारांच्या उन्नतीसाठी १ मे १९७४ रोजी स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ प्रशिक्षण व कर्जसाहाय्य देते. कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या बड्या कंपनीने तशाच धाटणीच्या वहाणा मिरविल्या आणि सुरुवातीस त्यांचे मूळ सांगितले नाही, तेव्हा महाराष्ट्रातून केवढा आवाज उठला, हे वाचकांस स्मरत असेलच. त्या वेळी सर्वत्र एकच प्रश्न विचारला गेला : ही कला कोणाची? कोल्हापूरच्या कारागिरास त्याचे उत्तर देता आले, कारण त्याच्यापाशी नाव होते, गाव होते, नमुने होते व नोंदी होत्या. वर्धा, नागपूर व वऱ्हाडच्या कारागिरांविषयी असा प्रश्न उद्या निघाला, तर आपण कोणती वस्तू व कोणती नोंद पुढे ठेवणार आहोत?

म्हणून आमची समस्त सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे. येत्या दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरील जुने जोडे, बूट, फर्मे, आरी, रापी, ठोकणी व मापांच्या वह्या भंगारवाल्यास देऊ नका. घरातील वृद्धांस जवळ बसवून त्या प्रत्येक वस्तूचे नाव व उपयोग विचारून घ्या आणि तो साध्या वहीत लिहून ठेवा. माजघरातील आजींनाही विचारा. कातडे भिजविणे, साल कुटणे व दोऱ्यास मेण लावणे ही कामे पुष्कळ घरी बायांच्याच हातची होती, आणि त्यांची नोंद तर पुरुषांहूनही कमी झाली आहे. वहीची एक प्रत मंडळाकडे पाठवावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांतील माहिती गावांच्या नावांसह व सांगणाऱ्यांच्या संमतीने छापता यावी, अशी आमची इच्छा आहे.

ज्यांनी दुसऱ्याच्या पायास काटा लागू नये म्हणून जन्मभर आपल्या बोटांस आरी टोचून घेतली, त्यांची नावे तरी आपल्या वहीत असावीत. एवढी सेवा आपण सर्वांनी मनावर घ्यावी, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.